अठरा ग्रॅमची क्लिप

विजयमाला साळवेला नोकरी लागली ती अक्षरामुळे. साल एक्क्याण्णव, हडपसरची औद्योगिक वसाहत, पूर्णिमा प्रेसिंग्ज नावाचा कारखाना. मालकांनी तिचा अर्ज वाचला नाही, नुसता पाहिला. लग्नपत्रिकेचा नमुना पसंत करताना धरतात तसा हात लांब करून पाहिला.

"हे तुम्ही स्वतः लिहिलंय?"

"हो."

"छापल्यासारखं वाटतंय. सोमवारी या."

एवढीच मुलाखत.

अक्षर मूळचं वडिलांचं. बिबवेवाडीत त्यांच्या वस्तीतल्या विहाराबाहेर एक काळा फळा होता आणि त्यावर रामदास साळवे लिहीत. वंदना किती वाजता, व्याख्यान कुणाचं, दहावीला वस्तीतलं कोण किती टक्क्यांनी पास झालं. लिहून झालं की खडू खिशात टाकून ते पाच-दहा मिनिटं तिथेच उभे राहत. लहानपणी विजयमालाला वाटे, बाबा स्वतःचं अक्षर बघत बसलेत. एकदा तिने विचारलंही.

"अक्षर कशाला बघू? लोकांची वाट बघतो," ते म्हणाले. "कुणी विचारलं, हे असं का लिहिलं, तर सांगायला माणूस नको का तिथं?"

बारा वर्षांची झाल्यावर खडू तिच्या हातात आला, आणि त्याबरोबर ते उभं राहणंही आलं. लग्नानंतरही ती त्याच वस्तीत, साळवे याच आडनावाने राहिली, त्यामुळे खडू आणि उभं राहणं दोन्ही सुटलं नाही.

कारखान्यात ती शेड नंबर दोनच्या नोंदी ठेवणारी कारकून होती. चौदा माणसं, एक मोठी प्रेस, दोन लहान, आणि कोपऱ्यात भलाथोरला वजनकाटा. या शेडमध्ये पत्र्याचे दोन महत्त्वाचे भाग बनत. एक जाडजूड ब्रॅकेट, हातात घेतला तर मनगट खाली जाईल असा. दुसरी एक क्लिप, बोटाच्या पेराएवढी, अठरा ग्रॅमची. दोन्ही एकाच मोठ्या प्रेसवर होत. ब्रॅकेटवरून क्लिपवर यायचं तर प्रेसमधली डाय, म्हणजे पोलादी साचा, बदलावी लागे. त्याला अडीच तास लागत.

आणि इथे सगळं काम किलोवर मोजलं जाई. मालकांचे वडील वॉशर बनवून बोहरी आळीत वजनावर विकत, तेव्हापासून. पाळी संपली की तयार माल काट्यावर चढे, काट्यावरचा आकडा विजयमालाच्या वहीत जाई आणि वहीतून फळ्यावर. शनिवारी दोन पाळ्यांची बेरीज होई. जिची जास्त, त्या पाळीला मालकांकडून बटाटेवडे. जिची कमी, तिला नुसता चहा.

वडा म्हणजे वडा. पण पहिल्या पाळीचे सेटर, म्हणजे डाय चढवणारे, गेनबा घुले आणि दुसऱ्या पाळीचा मच्छिंद्र दांगट यांच्यात त्या वड्यावरून जे चाले, ते बघायला तिकीट लावायला हरकत नव्हती. गेनबा मांजरीचे, पन्नाशीचे, डोक्यावर टोपी, घरी ऊस. मच्छिंद्र कात्रजचा, तिशीतला, मिशीला फार जपणारा. हरलेल्या शनिवारी गेनबा चहाचा कप हातात घेऊन त्यात डोकावत.

"ताई, यात काय बुडालंय का बघा बरं."

"काय बुडणार, मामा?"

"आमचा वडा. न्हाई म्हणलं, चुकून पडला आसंल."

*

अठ्ठ्याण्णव साली अनिरुद्ध आले. मालकांचे पुतणे. इंजिनिअर, वर मॅनेजमेंटचा कोर्स, आणि वागायला सरळ. पहिल्याच आठवड्यात त्यांनी जुना फळा उतरवून त्याच्या तिप्पट मोठा पांढरा फळा लावला. चौकटी आखलेल्या, एकूण एकोणीस. किलो तर होतेच. शिवाय मशीन किती तास चाललं, हजेरी किती, वीज किती, तेल किती, झाडलोटीला दहापैकी गुण किती, प्रत्येक माणसाने महिन्यात सूचना किती दिल्या. ठरवलेल्या आकड्याच्या वर गेलं तर हिरवा ठिपका, खाली राहिलं तर लाल.

"आजपासून आपण डेटावर चालायचं," त्यांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं. "मार्केट ओपन झालंय. बाहेरच्या कंपन्या येतायत. आता अंदाजपंचे चालणार नाही."

गेनबांनी हात वर केला. "साहेब, लाल ठिपका आला तर काय करायचं?"

"मला येऊन एक्सप्लेन करायचं."

"आन हिरवा आला तर?"

"तर काही नाही. व्हेरी गुड."

"मंग हिरवाच काढा ताई," गेनबा विजयमालाकडे वळून म्हणाले. "साहेबांचा येळ वाचंल."

सगळे हसले, अनिरुद्धही हसले. पण तीन महिन्यांत तसंच झालं. लोक वाईट नव्हते. फक्त कुठलाही लाल ठिपका म्हणजे केबिनमध्ये पाऊण तास, हे सगळ्यांना कळलं होतं. मग सूचना वाढल्या: 'पंखा हवा', 'दुसराही पंखा हवा'. झाडलोटीला दहापैकी दहा मिळू लागले. डाय बदलायचे अडीच तास वहीत यायचे बंद झाले, ते 'साफसफाई'त जिरू लागले. विजयमाला रोज सकाळी एकोणीस ठिपके काढी. फळा वसंत व्याख्यानमालेच्या जाहिरातीसारखा देखणा दिसे.

फक्त एक गोष्ट तिच्या ध्यानात येत होती. या फळ्याजवळ ती उभी राहत नव्हती. ठिपके काढायचे, पेनचं टोपण लावायचं, जागेवर जायचं. लिहून झाल्यावर ती अशी पाठ फिरवून निघाल्याचं तिला आठवत नव्हतं.

*

जानेवारी नव्याण्णवमध्ये पूर्वा मॅडम आल्या. चाकणच्या बाजूला गाड्यांचा एक नवा कारखाना उभा राहिला होता. शेड दोनचा जवळजवळ सगळा माल तिथेच जाई. पूर्वा मॅडम त्यांच्या खरेदी विभागातल्या. वय सत्तावीस-अठ्ठावीस, खांद्याला झोळी, आवाज इतका मऊ की शिवी दिली तर आभार मानून माणूस निघून जाईल.

त्या फळ्यासमोर थांबल्या. नीट वाचला.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "अक्षर कुणाचं?"

"माझं," विजयमाला म्हणाली.

"छान. सगळं हिरवं आहे ना?"

"हो," अनिरुद्ध म्हणाले. "लास्ट क्वार्टरला आम्ही बारा टक्के वर आहोत."

"अरे वा. मग मंगळवारी माझी लाइन चार तास बंद होती, ती दुसऱ्या कुणामुळे असेल."

अनिरुद्धांनी हातातलं पेन खिशात ठेवलं.

"ब्रॅकेट माझ्याकडे दोन महिने पुरतील एवढे आहेत," पूर्वा मॅडम त्याच आवाजात पुढे म्हणाल्या. "ठेवायला जागा नाही म्हणून व्हरांड्यात रचलेत. त्यावर बसून आमची माणसं डबे खातात, त्याबद्दल आभार. पण क्लिप नाही. ब्रेकची वायर जागेवर धरून ठेवते ना, ती क्लिप. ती नसेल तर गाडी पुढे सरकत नाही. मला दर गुरुवारी सहा हजार क्लिपा लागतात. गेल्या अकरा गुरुवारांत तुम्ही पूर्ण पाठवल्यात तीनदा."

अनिरुद्धांनी फळ्याकडे पाहिलं. एकोणीस चौकटींत तीनदा कुठे दिसतं का, ते पाहत होते.

"आठ गुरुवार देते," त्या म्हणाल्या. "ओळीने आठ. सहा हजार, चांगल्या, संध्याकाळी पाचच्या आत. एकही चुकला तर क्लिप आणि ब्रॅकेट दोन्ही दुसरीकडे. मला आवडणार नाही, पण करीन."

त्या गेल्यावर मालक खाली आले. त्यांनी आवाज चढवला नाही, उलट थकल्यासारखे बोलले. "हे काम गेलं तर शेड दोन चालवून काय करू? गोदाम म्हणून मागणारे आहेत. देऊन टाकीन."

चौदा माणसं. मच्छिंद्रने मिशीवरून हात फिरवला नाही. गेनबांनी टोपी काढून पुन्हा घातली. विजयमालाच्या मनात मुलीचं आलं, दीक्षाचं. ती दहावीत होती आणि पुढे तिला कॉम्प्युटर शिकायचं होतं.

*

त्या संध्याकाळी तिची लूना कोंढव्याच्या रस्त्याला लागली आणि तिला वही आठवली. नोंदवहीत प्रत्येक पानावर शेवटी 'शेरा' म्हणून एक रकाना होता. फळ्यावर त्याला जागा नव्हती, म्हणून तो कुणी वाचत नसे. पण रकाना रिकामा ठेवणं तिच्या हाताला जमत नसे. क्लिप का झाली नाही, हे ती सेटरला विचारी आणि त्याच्याच शब्दांत लिही.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन केबिनमध्ये गेली.

"सर, हे वाचा."

अनिरुद्धांनी वाचलं. 'पुढच्या पाळीत घेऊ.' पान उलटलं. 'दुसरी पाळी घेईल.' 'ब्रॅकेटचा पत्रा लावलेलाच होता, उद्या घेऊ.' 'पहिल्या पाळीने घ्यायला हवी होती.'

"किती वेळा आहे हे?"

"एक्केचाळीस. अकरा आठवड्यांत."

"पण का? मी कुणाला क्लिप करू नका असं सांगितलेलं नाही."

"सांगितलंय, सर."

त्यांनी वही मिटली. विजयमाला म्हणाली, "खाली येता? पाच मिनिटं."

काट्याजवळ गेनबा आणि मच्छिंद्र दोघेही होते. पाळी बदलायची वेळ होती. तिने गेनबांना सहा हजार क्लिपांची खोकी काट्यावर ठेवायला लावली. काट्याची सुई जरा हलली आणि थांबली. एकशे आठ किलो.

"यात अख्खी पाळी जाते. सहा तास काम, अडीच तास डाय बदलायला. म्हणजे पाळीत बसतच नाही, अर्धा तास पुढच्याच्या अंगावर जातो." मग तिने ब्रॅकेटच्या एका क्रेटकडे बोट दाखवलं. "हा चढवा."

दोघांनी मिळून ट्रॉलीवरून ढकलत चढवला. सुई गर्रकन फिरली.

"हे एका तासाचं काम, सर. चारशे किलो. आता सांगा, मामांनी काय करावं?"

गेनबा खाली बघत म्हणाले, "साहेब, आपुन खोटं न्हाई बोलनार. ज्या पाळीनं क्लिप घेतली, तिचा फळा पडला, वडा ग्येला, आन वर केबिनमदी पाऊण तास. मंग घ्यायची कुनी?"

"आम्ही ठेवून जायचो त्यांच्यासाठी," मच्छिंद्र म्हणाला. "हे आमच्यासाठी. ठरवून नाही हां. आपोआप."

"आणि मला फळ्यावर हिरवा ठिपका," अनिरुद्ध म्हणाले. ते एका उलट्या क्रेटवर बसले. इस्त्रीच्या पँटला तेल लागलं, ते त्यांना कळलं नाही. "त्या बाई गुरुवार मोजतायत आणि आम्ही किलो."

विजयमालाला वाटलं, आता रागावतील. रागावले नाहीत. म्हणाले, "तुम्ही सांगा. काय लिहायचं फळ्यावर?"

"मला जवळ उभं राहून सांगता येईल तेवढंच लिहीन," ती म्हणाली. "एकोणीस नाही जमणार."

*

तीन ठरले. गुरुवारच्या सहा हजारांपैकी किती झाल्या. डाय बदलायला किती मिनिटं लागली. तपासणीत किती क्लिपा खराब निघाल्या. बाकी सोळा चौकटी विजयमालाने ओल्या फडक्याने पुसल्या. झाडलोट पुसताना गेनबा म्हणाले, "आता कचरा करायला मोकळे."

मालकांना पटवायला अनिरुद्धांना दोन दिवस लागले. केबिनचं दार उघडं होतं, सगळ्यांनी ऐकलं.

"किलो काढलेत तर वडा कुणाला देणार?"

"गुरुवार पूर्ण झाला तर सगळ्यांना, काका. दोन्ही पाळ्यांना."

"आणि नाही झाला तर?"

"तर सगळ्यांना चहा. मलाही. तुम्हालाही."

मालकांची खुर्ची करकरली. मग म्हणाले, "मला तसाही डॉक्टरांनी वडा बंद केलाय. करा."

आणि रोज सकाळी दहाला, आकडे लिहून झाल्यावर, विजयमाला फळ्याजवळ उभी राहू लागली. दहा मिनिटं. ज्याला विचारायचं असेल त्याने यावं. पहिले काही दिवस कुणी येईना. ती एकटीच उभी, बस चुकल्यासारखी.

पहिला गुरुवार रविवारी जास्तीचं काम करून निभावला. दुसराही तसाच. पण असे आठ निभणार नाहीत, हे सगळ्यांना दिसत होतं. अडचण अडीच तासांची होती. तिसऱ्या आठवड्यात डाय बदलताना ती घड्याळ घेऊन प्रेसजवळ बसली. एकशे पंचावन्न मिनिटं. गेनबांनी हात पुसले.

"ताई, दीड तास लिवा."

"मामा, मी इथेच बसले होते."

"आवो बसला व्हता म्हनूनच सांगतोय. दुसरं कुनी आसतं तर म्हनलो नसतो. बावीस वर्सं डाय चढवतोय. एकशे पंचावन वाचून माझा भाचाबी हसंल, तो पलीकडच्या शेडमदी हाय."

तिने एकशे पंचावन्न लिहिलं. लाल. गेनबा तीन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. 'ताई'चं 'मॅडम' झालं, आणि हडपसरात त्याहून मोठी शिक्षा नव्हती.

चौथ्या दिवशी दहाच्या वेळेला अनिरुद्ध फळ्याशी आले, आकडा वाचला आणि त्यांचं तोंड जुन्या सवयीने उघडलं. "गेनबा, हे एवढे का—"

"सर," विजयमाला हळू आवाजात म्हणाली, "'का' विचारलंत तर पुढच्या वेळी मामा मला घड्याळासकट बाहेर काढतील. 'काय हवंय' विचारा."

अनिरुद्ध गेनबांकडे वळले. "गेनबा, काय हवंय?"

गेनबांना वाटलं, थट्टा आहे. त्यांनी एकदा विजयमालाकडे बघितलं, एकदा साहेबांकडे. मग प्रेसकडे गेले आणि मूठभर बोल्ट आणून फळ्याखालच्या कट्ट्यावर ओतले.

"मोजा."

मच्छिंद्रने मोजले. "अकरा. अकरा मापांचे."

"अकरा मापं, अकरा पाने. आन पाने कुठं? एक या शेडमदी, एक त्या. अर्धा येळ म्या पाने हुडकत फिरतो. डाय आणायला चार मानसं लागतात, ती चार मानसं मी हाका मारून गोळा करतो. बोल्ट एका मापाचे करा, आन डाय ठेवायला प्रेसच्या उंचीचा एक गाडा द्या. मंग बघतो किती लागतात ते."

"हे आधी का नाही—" अनिरुद्ध थांबले. "बरं. कधीपर्यंत हवंय?"

"काल," गेनबा म्हणाले. पण म्हणताना हसले, आणि जाता जाता म्हणाले, "ताई, त्यो लाल रंग लई भडक हाय तुमचा."

गाडा शेडमध्येच बनवला, जुन्या पाइपांचा. पुढचा आकडा पंच्याण्णव आला. मग साठ. साठ झाल्यावर मच्छिंद्रने दुसऱ्या पाळीत बावन्न केले आणि डाय कशी आधीच प्रेसशेजारी आणून ठेवायची, ते गेनबांना दाखवायला अर्धा तास लवकर आला. बाई, हे दोघं एकमेकांना काहीतरी दाखवतायत, असं मैनाने येऊन विजयमालाच्या कानात सांगितलं. मैना क्लिपा तपासून खोक्यात भरायची. सहाव्या आठवड्यात फळ्यावर अडतीस लागला. क्लिपचं काम एका पाळीत मावू लागलं. आणि दहाच्या वेळेला फळ्याजवळ इतकी माणसं जमू लागली, की चहावाला तिथेच यायला लागला.

*

सातवा गुरुवार. माल बुधवारीच तयार होता, टेम्पो दाराशी लागलेला. प्रेसवर ब्रॅकेटची डाय चढलेली. अकरा वाजता मैना ओढणीत काहीतरी बांधून आली आणि विजयमालाच्या टेबलावर सोडलं. क्लिपाच. तिने एक उचलून उजेडाकडे धरली.

"इथं वाकते ना, तिथं केसाएवढी रेघ आहे. बघा."

विजयमालाने पाहिलं. रेघ होती.

"किती आहेत अशा?"

"एका पत्र्याच्या गुंडाळीतल्या सगळ्या. सहाशे. खोकी भरून झालीत. मला शेवटच्या खोक्यात दिसली, मग मी मागची उघडली." मैना जरा थांबली. "पूर्वी मी सांगितलं नसतं, बाई. खराब निघाल्या की माझ्या नावावर लाल लागायचा."

अनिरुद्ध आले. त्यांनी क्लिप फिरवून फिरवून बघितली. टेम्पोवाल्याने बाहेर हॉर्न दिला.

"तिकडे मोजत नाहीत," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "खोकी काट्यावर ठेवतात. वजन बरोबर भरेल." मग म्हणाले, "एकच आठवडा राहिलाय." मग म्हणाले, "नुसती रेघ आहे. तुटेलच असं नाही."

ब्रेकची वायर धरते ती क्लिप, हे कुणालाच दुसऱ्याला सांगायची गरज नव्हती. पण चौदा माणसं होती, आणि गोदाम मागणारे होते. विजयमालाला दीक्षाच्या कॉलेजचा अर्ज दिसत होता, घरी कपाटावर ठेवलेला.

ती उठली आणि फळ्याकडे गेली. सहा हजार पुसले. पाच हजार चारशे लिहिले. खालच्या ओळीत, खराब: सहाशे. दोन्ही लाल. पेनला टोपण लावलं आणि तिथेच उभी राहिली.

"आकडा लिहून झालाय, सर," ती म्हणाली.

गेनबा प्रेसवरून बघत होते. त्यांनी आकडा वाचला, हात वर करून मशीन थांबवलं. "आता अकरा वाजून धा झालेत," ते म्हणाले. "अडतीस मिनिटं डाय. चाळीस मिनिटं माल. मैना, नवीन गुंडाळी तू बघून दे, मग लावतो. साहेब, फोन तुमी करताय का ताई?"

फोन ताईंनी केला. नंबर वहीतून वाचून फिरवला.

"पूर्वा मॅडम, विजयमाला साळवे बोलतेय. पूर्णिमा प्रेसिंग्ज, शेड दोन."

"सुंदर अक्षर. बोला."

"आज तुमच्याकडे पाच हजार चारशे निघतायत. सहाशे खराब निघाल्या, त्या आम्ही काढल्यात. सहाशे नव्या करून दुसऱ्या टेम्पोने पाठवतो. चारपर्यंत पोचतील."

पलीकडे कुणीतरी टाइप करत होतं.

"खराब कशा निघाल्या?"

"वाकलेल्या जागी रेघ होती. आमच्या पॅकिंगमधल्या मैनाबाईंना दिसली."

"खोक्यात भरल्यावर?"

"हो."

"मी काट्यावरच मोजते, ते माहीत असेल तुम्हाला."

"माहीत आहे."

मग तोच मऊ आवाज, "चार वर्षं खरेदीत आहे. माल चुकल्यावर फोन सगळ्यांचे येतात. चुकायच्या आधी आलेला हा पहिला. पण गुरुवार पाचलाच संपतो बरं का. त्यात मी काही करू शकत नाही."

"नको," विजयमाला म्हणाली. "पाच ठीक आहे."

डायला एक्केचाळीस मिनिटं लागली. तीन जास्त. गेनबांनी स्वतःच ओरडून आकडा सांगितला, "एकेचाळीस लिवा, लालच काढा." सहाशे क्लिपा मैनाने एकेक करून उजेडाकडे धरल्या. एक वाजून चाळीस मिनिटांनी टेम्पो निघाला, आणि शेजारच्या सीटवर खोकं मांडीवर घेऊन गेनबा बसले. खाली ठेवलं तर उडंल, म्हणाले. अकरा किलोचं खोकं.

चार वाजून वीस मिनिटांनी फॅक्स आला. सहा हजार मिळाल्या. सही, आणि सहीखाली हाताने लिहिलेली एक ओळ: 'खोकं आणणाऱ्या गृहस्थांनी ते माझ्या हातात देईपर्यंत सोडलं नाही. त्यांना चहा दिला आहे.'

आठव्या गुरुवारी काहीच घडलं नाही. डाय बदलली, माल झाला, मैनाने बघितला, टेम्पो गेला. विजयमालाने सहा हजार लिहिलं आणि दहा मिनिटं उभी राहिली, आणि सगळ्यांनी तो आकडा असा वाचला जणू त्यात वाचण्यासारखं पुष्कळ होतं. सोमवारी वर्षभराची ऑर्डर आली. अनिरुद्ध फॅक्स घेऊन खाली आले, पण तोवर गेनबांना वड्यांचा वास लागला होता.

"शनिवारचे वडे आज कसे?" मालकांनी विचारलं.

"काम टिकंस्तवर मागितले न्हाईत, आठ गुरुवारांचे बाकी हायती," गेनबा म्हणाले. "एकदम घेतो."

*

दीक्षा आता हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. सकाळी कंपनीची बस बिबवेवाडीच्या कोपऱ्यावर येते, संध्याकाळी सोडते. गेल्या महिन्यात ती घरी आली आणि बॅग सोफ्यावर फेकली.

"आई, वैताग आलाय. महिन्यात किती कंप्लेंट्स क्लोज केल्या, ते मोजतात. लोक सोप्या सोप्या उचलतात. एक अवघड आहे, सगळे ती फॉरवर्ड करतायत. माझ्याकडे आली आज."

विजयमाला भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"किती दिवस फिरतेय ती?"

"दोन महिने."

"शेऱ्यात काय लिहिलंय? म्हणजे, प्रत्येकाने पुढे ढकलताना काहीतरी लिहिलं असेल ना?"

दीक्षाने आईकडे पाहिलं. मग बॅग उघडून डायरी काढली. "असेल. सिस्टिममध्ये असतं ते. कुणी वाचत नाही."

"ते उद्या छापून घे," विजयमाला म्हणाली. "सगळं, ओळीने. आणि तुझे साहेब कसे आहेत? ऐकतात का?"

"बरे आहेत. जरा एकोणीस चौकटीवाले आहेत."

"मग होईल," ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

शेड दोनमध्ये आता कॉम्प्युटर आहे. आकडे त्यात जातात, छापील कागद निघतो. पण दारापाशी फळा अजून आहे, कारण कागदाजवळ दहाजण उभे राहू शकत नाहीत. अठ्ठावीस मिनिटांवर आलंय ते डाय बदलणं. गेनबा निवृत्त झाले. मांजरीहून अधूनमधून येतात, आधी फळ्याकडे जातात, टोपी मागे सारून वाचतात.

"सत्तावीस न्हाई जमत व्हय रं तुमाला?" ते मच्छिंद्रला विचारतात.

आणि विजयमाला तिथेच उभी असते, दहा वाजलेले असतात.